कीबोर्डवर टाइप करताना समाधान नेमकं कशामुळे मिळतं? बटणाखालचा स्विच लिनिअर (सरळ गुळगुळीत खाली जाणारा) घ्यावा की क्लिकी (मध्येच खट् वाजणारा)?

एरवी मी इथे नुसती वाचत असते. पण याच प्रश्नावरून माझं आणि माझ्या धाकट्या दिराचं तीन वर्षं वाजतंय, त्यामुळे राहवेना.

मी ध्वनिमुद्रणं ऐकून उतरवून काढण्याचं काम करते. मुलाखती, बैठका, व्याख्यानं, काय येईल ते. दिवसाचे सहा-सात तास बोटं चालू असतात. तेव्हा मत आहे, आणि ते मवाळ नाही. अक्षर उमटलं ही बातमी बोटाला त्याच क्षणी कळली पाहिजे. आवाज, वजन, रंगीत दिवे हे सगळं त्याच्यानंतरचं.

साध्या रबरवाल्या कीबोर्डात ही बातमी उशिरा येते. बटणाखालची रबराची टोपी आधी कोसळते आणि मग तळाशी प्लास्टिकचे दोन पापुद्रे एकमेकांना टेकतात, तेव्हा कुठे अक्षर उमटतं. म्हणजे प्रत्येक अक्षराला बटण पार तळाला नेऊन आपटायचं. संध्याकाळपर्यंत बोटांची पेरं बोलायला लागतात. मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग असलेल्या स्विचचा एकूण प्रवास साधारण ४ मिलिमीटर असतो आणि अक्षर २ च्या आसपासच उमटतं. उरलेल्या २ मिलिमीटरमध्ये बोटाला सावकाश थांबता येतं, पण उमटलं हे कळलं तरच. लिनिअर स्विच नेमकं तेवढंच सांगत नाही. वरून खालपर्यंत गुळगुळीत घसरगुंडी. मग खात्री करायला माणूस तळाला आपटतोच, आणि पैसे खर्चून पुन्हा रबराच्याच सवयीला येतो.

दीर लिनिअरवाला आहे, हे आलंच असेल लक्षात.

मला ही सवय लागली ती पहिल्या नोकरीत. तिथे माझ्या टेबलावर आयबीएमचा जुना मॉडेल एम होता. हा कीबोर्ड १९८५ सालचा, वजन दोन किलोंच्या वर, टाइप करताना जागचा हलत नाही. त्यात प्रत्येक बटणाखाली उभी स्प्रिंग असते. दाबत गेलं की ती एका बिंदूला अचानक बाजूला वाकते, नळीच्या भिंतीवर आपटते आणि त्याच झटक्यात खालचा छोटा हातोडा उलटून संपर्क जुळवतो. खट् आवाज, बोटाखालची सुटका आणि पडद्यावरचं अक्षर, तिन्ही एकाच घटनेतून येतात. तो आवाज कोणी हौसेनं घातलेला नाही, यंत्र चालल्याचा आहे. नोकरी सोडताना मी तो कीबोर्ड मागितला होता. दिला नाही त्यांनी.

त्यानंतर बरीच वर्षं मिळेल त्यावर भागवलं आणि शेवटी ८७ बटणांचा, निळ्या क्लिकी स्विचचा एक घेतला. निळ्यात स्प्रिंग वाकत नाही. आतला दांडा दोन तुकड्यांचा असतो, त्यातला खालचा सैल तुकडा उडी मारून आपटतो आणि संपर्क जुळतो. मॉडेल एमची सर नाही, पण जातकुळी तीच.

आता दिराचं. तो कीबोर्ड स्वतः जोडतो. पितळी प्लेट, आत फोम, प्रत्येक स्विच उघडून ब्रशनं ग्रीस लावलेलं. बटण दाबलं की पाण्यात गोटा पडावा तसा भरीव आवाज येतो आणि त्या आवाजाच्या चित्रफिती तो मला पाठवत असतो. माझ्या कीबोर्डाला त्यानं पहिल्याच दिवशी खटारा म्हटलं. आम्ही आठवडाभर बाहेर गेलो होतो आणि घराची किल्ली त्याच्याकडे होती. परत आले तर टेबलावर कीबोर्ड चकाचक पुसलेला आणि वर चिठ्ठी: ‘वहिनी, आता टाइप करून बघ. सरप्राइज!’

सगळे ८७ स्विच त्यानं उपटून, उघडून, ग्रीस लावून परत बसवले होते. स्विच सॉल्डर न करता नुसते खोचलेले असल्यानं त्याला ते जमलं. नुसत्या लिनिअरला ग्रीस लावलं तर घासणं कमी होतं, मान्य. पण क्लिकी स्विचमधला तो सैल तुकडा उडी मारतो म्हणून तर खट् वाजतं. त्याला ग्रीस फासलं की तो उडी मारायच्या ऐवजी लोळत खाली येतो. काही बटणं अर्धवट वाजत होती, काही अजिबात नाही, आणि ‘एस’ मनाला येईल तेव्हा. मला दुसऱ्या दिवशी दोन तासांची एक बैठक उतरवून द्यायची होती. दर दुसऱ्या ओळीला मागे जाऊन अक्षर उमटलं का ते बघत होते. इतक्या वर्षांत मी पडद्याकडे बघून टाइप केलं नव्हतं, कान रेकॉर्डिंगला आणि बोटं आपली आपण, तेही त्या दिवशी सुरू झालं. पहाटे चारला संपलं.

त्याचं म्हणणं, ‘पण आता किती छान वाजतंय!’ यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

बरं, तुमचं काय. दुकानात दहा सेकंद बटणं दाबून काही कळत नाही, निदान पानभर मजकूर टाइप करा. स्पेसबार वेगळा तपासा, दोन्ही टोकांना दाबून. आत आधाराची तार सैल असेल तर सबंध कीबोर्ड चांगला असूनही तो पत्र्यासारखा खडखडतो. मधोमध दाबल्यावर कीबोर्ड वाकत असेल तर ठेवून द्या. कीकॅप, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, पीबीटी प्लास्टिकच्या असतील तर बऱ्या, एबीएस प्लास्टिकच्या काही महिन्यांत तेलकट चमकायला लागतात. ‘एफ’ आणि ‘जे’वरचे उंचवटे बोटाला न शोधता लागले पाहिजेत. ओळी वेगवेगळ्या उताराच्या असाव्यात, सपाट नकोत. ब्राऊन, म्हणजे खट् न वाजता मध्ये नुसता हलका उंचवटा असलेल्या स्विचच्या नादी लागू नका. लोक ‘मधला मार्ग’ म्हणून घेतात आणि मग ना धड उंचवटा लागतो ना धड गुळगुळीत वाटतं. आणि काहीही घ्या, दुसऱ्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर असताना घराची किल्ली देऊ नका.

इतकं लिहिल्यावर एक-दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. निळ्या स्विचमध्ये एक खोट आहेच: क्लिक झाल्यावर तेच अक्षर पुन्हा हवं असेल तर बटण उमटण्याच्या बिंदूच्या बरंच वर येऊ द्यावं लागतं. घाईत दुहेरी अक्षर टाइप करताना एखादं सुटतं. लिनिअरला हा त्रास जवळजवळ नाही, म्हणून खेळ खेळणारे ते घेतात. शिवाय त्याच खोलीत कोणी झोपत असेल किंवा फोनवर बोलत असेल, तर माझा सल्ला गुंडाळून ठेवा आणि लिनिअरच घ्या. माझा नवरा आता दुसऱ्या खोलीत काम करतो. आणि त्या वेळी दिरानं स्पेसबारच्या तारेच्या टोकांनाही ग्रीस लावलं होतं, तेव्हापासून तो खडखडलेला नाही. तेवढं मी अजून त्याला सांगितलेलं नाही.

स्विच धुऊन बघितले, पण ती उडी काही परत आली नाही. मग ७० नवे आणले आणि टाइप करायच्या सगळ्या बटणांना बसवले. राहिलेले ग्रीसवाले १७ एस्केपपासून पॉजपर्यंतच्या वरच्या ओळीत आणि मी कधीही न वापरणाऱ्या इन्सर्टखाली लावून टाकले. दीर आला की मी त्याला चहाच्या आधी ‘एफ पाच’ दाबून ऐकवते.