‘तेव्हा मला घरी का पाठवलंत?’

प्रश्न : मी बीड जिल्ह्यातल्या एका बालगृहात काळजीवाहक आहे. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या काळात, आमच्याकडची बरीच मुलं घरी पाठवली. त्यात सहावीतली एक मुलगी होती. पुढं आईबापांनी तिला ऊसतोडीला नेलं. दोन वर्षांनी परत आली, पण शाळेत पुन्हा रमली नाही. आता तिला सतरावं लागलंय. परवा भाकरी थापताना तिनं विचारलं, ‘तेव्हा मला घरी का पाठवलंत?’ काय सांगू?

उत्तर : ताई, त्या वर्षी मी दुसऱ्या एका जिल्ह्यात बालकल्याण समितीची, म्हणजे मुलाला बालगृहात ठेवायचं की घरी पाठवायचं हे ठरवणाऱ्या समितीची सदस्य होते, त्यामुळे हा प्रश्न मलाही आहे. मुलाचं हित, आरोग्य आणि सुरक्षा पाहून त्याला संस्थेत ठेवायचं की नाही याचा विचार समित्यांनी करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं ३ एप्रिल २०२० ला सांगितलं. हित पाहायचं तर गृहभेट हवी. एसटी बंद, जिल्ह्यांच्या हद्दी बंद. आम्ही फोन केले. ‘बरी आहेस का?’ ‘बरी आहे.’ घरात फोन एकच, तो बापाच्या हातात, स्पीकरवर. हे मला तेव्हाच उमजायला हवं होतं. व्हिडिओ कॉलवर आम्ही तिघांनी प्रकरणं निकाली काढली. सह्यांत माझीही होती.

घरी गेलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी महिना २,००० रुपये द्या, असं न्यायालयानं डिसेंबरात सांगितलं. तोवर उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेल्या ऊसतोड टोळ्या साखर कारखान्यांवर पोचल्या होत्या. शाळा बंद, मागं पोरीला ठेवायचं कुणाकडं? मग कोपीवर, म्हणजे तोडणीच्या जागच्या झोपडीत, धाकट्यांना सांभाळायला तीच.

तिला खरं सांगा. आजाराच्या भीतीनं पाठवलं, घर पाहायला कुणी गेलं नाही, ते आमचं चुकलं. ‘वरून आदेश होता’ एवढ्यावर थांबू नका. आपण नकोशा झालो म्हणून घालवलं, असं मुलं मनात धरून बसतात. तिनं काही वाईट केलं नव्हतं, हे तिला तुमच्याच तोंडून ऐकू द्या.

आणि एक घाईचं. अठरा पूर्ण झाल्यावर तिला बालगृहात राहता येणार नाही. एकवीसपर्यंत अनुरक्षणगृहाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांसाठीच्या निवासाची सोय कायद्यात आहे, त्यासाठी समितीकडे आत्ताच जा. पाचवी झालेली आहे, तेव्हा १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षा देण्याचा फॉर्म भरून तिला दहावीला बसता येईल. समितीपुढं तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही दाराबाहेर थांबा. २०२० मध्ये तिला एकटीला कुणी विचारलं नसणार.