सिस्टिम लिनिअर आहे का? वाचकांचे प्रश्न

सर, आउटपुट = ३ × इनपुट + २. आलेख सरळ रेषा येतो, तरी परीक्षेत ‘लिनिअर’ हे उत्तर चूक ठरलं. असं का?

कारण ही रेषा शून्यातून जात नाही. सिग्नल प्रोसेसिंगमध्ये लिनिअर म्हणजे सुपरपोझिशन पाळणारी सिस्टिम. दोन सिग्नल मिसळून आत सोडले काय, किंवा वेगवेगळे सोडून आउटपुटांची बेरीज केली काय, उत्तर एकच यायला हवं. शिवाय इनपुट ज्या पटीत वाढेल त्याच पटीत आउटपुट वाढायला हवं. तुमच्या सिस्टिमला १ दिला की ५ मिळतात, २ दिले की ८. हवे होते १०. म्हणून आधी शून्य घालून बघा. काही बाहेर आलं तर निकाल तिथेच लागला. मात्र शून्याला शून्य आलं म्हणजे पास असं समजू नका. वर्ग करणारी सिस्टिमही शून्याला शून्यच देते.

दोन्ही अटी वेगवेगळ्या तपासायलाच हव्यात का?

हो, आणि याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण म्हणजे मीडियन फिल्टर. फोटोतले पांढरे-काळे ठिपके घालवायला तो सर्रास वापरतात. शेजारच्या तीन सॅम्पल्समधला मधला आकडा तो उचलतो. इनपुट दहापट केलं की मधला आकडाही दहापट होतो, म्हणजे पटीची अट पुरी झाली. आता बेरीज बघा. (०, १, ०) चा मध्य ०, (०, ०, १) चाही मध्य ०. दोन्ही मिळवून होतं (०, १, १), आणि त्याचा मध्य १! शून्य अधिक शून्य एक कसे होतील? बेरजेची अट मोडली, सिस्टिम नॉन-लिनिअर. उलटंही घडतं. संमिश्र सिग्नलचा फक्त वास्तव भाग घेणारी सिस्टिम बेरीज पाळते, पण इनपुटला काल्पनिक संख्येने गुणलं की गडबडते.

घरी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला १ किलोहर्ट्झची साइन दिली. स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) स्वच्छ दिसते. लिनिअर समजू का?

इतक्यात नको. एखाद्या टक्क्याची विकृती स्कोपवर डोळ्यांना सहसा कळत नाही. आउटपुटचा एफएफटी (सिग्नलमध्ये कोणती फ्रिक्वेन्सी किती आहे ते दाखवणारं गणित) काढा आणि २, ३ किलोहर्ट्झला काही उगवलंय का ते पाहा. त्याहून बोलकी चाचणी दोन टोनची. १९ आणि २० किलोहर्ट्झ एकत्र सोडा. त्यांचे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट असे टोन) ३८ किलोहर्ट्झपासून पुढे पडतात, ते ४८ किलोहर्ट्झने सॅम्पल करणाऱ्या साउंड कार्डला दिसणार नाहीत, कारण त्याला निम्म्यापर्यंतच, म्हणजे २४ किलोहर्ट्झपर्यंतच दिसतं. पण वर्गाच्या पदामुळे येणारा फरकाचा टोन नेमका १ किलोहर्ट्झवर दिसतो आणि घनाच्या पदामुळे येणारे १८ व २१ वर. हेच कमी-जास्त आवाजावर करा. कुठलाही खरा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण लिनिअर नसतो, तो किती पातळीपर्यंत पुरेसा लिनिअर राहतो ते शोधायचं असतं. आणि कृपा करून आधी साउंड कार्डाचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून त्याची स्वतःची विकृती मोजा. स्पीकरची तार लाइन-इनला थेट लावू नका, मध्ये अ‍ॅटेन्युएटर (सिग्नलची पातळी कमी करणारं सर्किट) हवाच.

म्हणजे नवी फ्रिक्वेन्सी दिसली की नॉन-लिनिअर, हे पक्कं?

नाही. १ किलोहर्ट्झच्या सिग्नलला १०० किलोहर्ट्झच्या कोसाइनने गुणा, ९९ आणि १०१ मिळतील. तरीही गुणणारी ही सिस्टिम लिनिअर आहे. बेरीज आणि पट, दोन्ही पाळते. ती काळानुसार बदलते, एवढंच. वरची एफएफटीची युक्ती काळानुसार न बदलणाऱ्या सिस्टिमपुरतीच.

माझ्या कोडने हजार रँडम इनपुटांवर सुपरपोझिशन तपासलं, सगळी पास. सिद्ध झालं ना?

एक उलट उदाहरण नापास करायला पुरतं, पण हजार उदाहरणं सिद्धता होत नाहीत. तुमची इनपुटं −१ ते १ मधली असतील आणि सिस्टिम २ च्या पुढे सिग्नल कापत असेल, तर ते कापणं तुम्हाला कधीच दिसणार नाही. सूत्र हाताशी असेल तर कोणतेही दोन सिग्नल आणि कोणतेही दोन गुणक अक्षरांत धरून कागदावर सिद्ध करा. सूत्र नसेल तर पल्ला वाढवा आणि प्रत्येक चाचणीआधी फिल्टरची मेमरी शून्य करा. मागच्या चाचणीचं शिल्लक आउटपुट राहिलं, तर लिनिअर फिल्टरही नापास दिसतो.