मांजरीच्या मूत्राशयातला खडा: ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

ताई, तुम्ही लिहिलंय की मांजरी ४ वर्षांची आहे, लघवीतून रक्त येतंय, तिचा पीएच साडेसात (म्हणजे लघवी अल्कधर्मी) आलाय आणि एक्स-रेत एकच गोल, गुळगुळीत खडा दिसतोय. डॉक्टर ऑपरेशन सुचवताहेत, ते टळेल का, असा तुमचा प्रश्न आहे. टळण्याची शक्यता बरीच आहे. पण तारीख घेण्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट नक्की विचारा: खडा कोणत्या प्रकारचा वाटतोय?

मांजरांत मुख्यतः दोन प्रकारचे खडे सापडतात. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा स्ट्रुवाइट योग्य आहाराने विरघळतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा कशानेही विरघळत नाही, त्रास देत असेल तर तो काढावाच लागतो. खडा प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पूर्ण खात्री कुणालाच देता येत नाही, पण तुमच्या मांजरीचं वय, लघवीचा पीएच आणि खड्याचा आकार, तिन्ही गोष्टी स्ट्रुवाइटच सुचवतात. वय जास्त असतं, जात पर्शियन असती, लघवी आम्लधर्मी असती, तर माझा संशय ऑक्झलेटवर गेला असता.

स्ट्रुवाइट वाटत असेल तर आधी विरघळवून बघावा, असं अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेचं २०१६ चं एकमत आहे. त्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेलं, खडा विरघळवणारं खाद्य लागतं. आणि ते चालू असताना दुसरं काहीही नाही. चिकनचा तुकडा नाही, सुकट नाही, शेजारच्यांकडची मांदेली तर नाहीच. बहुतेक प्रयत्न इथेच फसतात. २ ते ४ आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढा. खडा लहान झालेला दिसला तर तो पूर्ण जाईपर्यंत तेच खाद्य, आणि त्यानंतरही साधारण महिनाभर. पथ्य काटेकोर पाळूनही ४ आठवड्यांत काहीच फरक नसेल, तर ऑपरेशनला मागेपुढे पाहू नका. मांजरीला किडनी किंवा हृदयाचा त्रास असेल, ती गाभण असेल, तर हे खाद्य चालत नाही. ते आधी तपासून घ्या.

लघवीचं कल्चरही, म्हणजे तिच्यात जंतू वाढतात का ही तपासणी, करून घ्या. मांजरांतले बहुतेक स्ट्रुवाइट जंतुसंसर्गाशिवायच होतात, त्यामुळे कल्चर न करता आठवडेच्या आठवडे अँटिबायोटिक देण्यात अर्थ नाही.

घरातल्यांनी सुचवलेलं माणसांचं सिरप मात्र कृपा करून देऊ नका. जळजळ होते म्हणून आपण घेतो ते अल्कलायझर सिरप लघवी अधिक अल्कधर्मी करतं, आणि स्ट्रुवाइट वाढतो तो अल्कधर्मी लघवीतच. कुळथाच्या काढ्याने मांजराचा खडा गेल्याचा पुरावा नाही. दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात नको, मांजराला ते जीवघेणं विष आहे.

पुन्हा खडा होऊ नये यासाठी सगळ्यात मोठा उपाय पाणी. मांजरांचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्यामुळे तहान मुळातच कमी. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम १० टक्के, वेट फूडमध्ये ७५ ते ८० टक्के. म्हणून मी वेट फूडच्या बाजूने आहे, वर चमचाभर पाणी कालवून. चिकन उकडलेलं पाणीही आवडीने पितात, पण त्यात मीठ, कांदा, लसूण नको. पाण्याची भांडी घरात दोन-तीन ठिकाणी ठेवा, शी-शूच्या ट्रेपासून लांब. वजन आटोक्यात ठेवा. नुसत्या आम्लधर्मी लघवीच्या मागे लागू नका: १९८० च्या दशकात खाद्य कंपन्यांनी मॅग्नेशियम घटवून लघवी आम्लधर्मी करणारं खाद्य आणलं, स्ट्रुवाइट कमी झाले आणि त्याच काळात ऑक्झलेट वाढत गेले.

तुमच्याकडे बोकाही आहे म्हणालात, आणि तो तेच ड्राय फूड खातो. त्याच्याकडे जास्त लक्ष असू द्या. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो, बारीक खडा किंवा क्रिस्टल्सचा गाळ अडकला की लघवी बंद. तो पुन्हा पुन्हा ट्रेत बसतो, कण्हतो, थेंबही येत नाही. लोकांना बद्धकोष्ठता वाटते आणि ते एरंडेल पाजत बसतात. तोवर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत मांजर जाऊ शकतं. रात्रीचे दोन वाजले असतील तरी दवाखाना गाठा.

मांजरीचं ऑपरेशन करावंच लागलं, तर काढलेला खडा टाकू देऊ नका. तो तपासणीला पाठवायला सांगा आणि ऑपरेशननंतर लगेच एक्स-रे काढून आत काही राहिलं नाही ना, ते पाहून घ्या. पुढचा आहार त्या रिपोर्टवर ठरेल.