बाबाची शुगर फॉर्मवर लिहावी का नाही?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही दारव्हा तालुक्यातले, ७ एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. बाबा ७२ वर्षांचे हायेत, ८ वर्षांपासून शुगरची गोळी चालू हाय. आई ६६ ची, तिले बीपी अन् गुडघ्याचा त्रास. गावातला एजंट दोघांची मिळून ५ लाखाची मेडिक्लेम देऊन राहिला, हप्ता ५८ हजार सांगते. म्हणते का फॉर्मवर शुगर-बीपी लिहू नका, लिहिलं तर पॉलिसी भेटत नाही, पुढचं मी पाहून घेतो. नागपूरचे जवाईबापू म्हणतात ब्रोकरकडून घ्या. कापूस आत्ताच विकला, पैसे हातात हायेत तोवर काय ते करायचं हाय. काय करावं?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पहिले शुगरचं सांगते. लिहा. गोळीचं नाव, किती वर्षांपासून, सगळं लिहा अन् फॉर्म स्वतः वाचून मगच आईबाबांची सही घ्या. दवाखान्यात भरती करताना काय होते माहीत आहे ना, डॉक्टर पेशंटलाच विचारतात, "आजोबा, शुगर केव्हापासून?" अन् बाबा सरळ मनानं सांगतात, "झाले असतील आठ वर्षं." ते तिथंच केस पेपरवर लिहिलं जाते. क्लेमच्या वेळी कंपनी पहिले तोच कागद मागते, फॉर्मवर "नाही" अन् केस पेपरवर "८ वर्षं", मग क्लेम नामंजूर अन् पॉलिसीही रद्द होऊ शकते. "पुढचं पाहून घेतो" म्हणणाऱ्याच्या हातात तेव्हा काहीच नसते. उलट लिहून दिलं तर जुन्या आजाराच्या क्लेमसाठी जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागते, आधी हे ४ वर्षं होतं, एप्रिल २०२४ पासून कमी केलं. हप्ता थोडा वाढवतील, एखादी कंपनी नाही म्हणेल, तर दुसरी पाहायची.

आता ५८ हजाराचं. दोघांची एकत्र पॉलिसी घेतली का हप्ता सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर धरतात, म्हणजे बाबांच्या ७२ वर लावून राहिले तुम्हाला. अन् बाबांसाठी तर सरकारची सोय आहे. ७० च्या वरच्या सगळ्यांना, कमाई कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड भेटते, २०२४ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, वर्षाला ५ लाखापर्यंत उपचार, हप्ता शून्य, अन् जुना आजार पहिल्या दिवसापासून चालतो. सेतूवर किंवा आशाताईला सांगून काढून घ्या, आधार अन् मोबाईल लागतो. वय आधारवरचंच धरतात, म्हणून आधी आधारवरचं जन्मसाल पाहा, आपल्याकडं जुन्या माणसांचं अंदाजानं टाकलेलं असते. आईलाही राशन कार्डावर महात्मा फुले योजना आहेच, तिचीही मर्यादा आता ५ लाख आहे. फक्त या दोन्ही योजना यादीतल्याच दवाखान्यात अन् ठरलेल्या उपचारांवर चालतात. म्हणून विकत घ्यायची तर एकट्या आईची घ्या, ६६ च्या वयावर हप्ता बराच उतरेल.

एजंट अन् ब्रोकरचं म्हणाल तर एजंट कंपनीचा माणूस असतो, ज्या मोजक्या कंपन्यांचं काम त्याच्याकडं आहे त्याच विकतो. ब्रोकर कायद्यानं गिऱ्हाइकाच्या बाजूचा, त्याला सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी दाखवता येतात. त्याचं कमिशन कंपनी देते, तुमच्याकडून वेगळे पैसे मागत असेल तर उठून या. विमा नियामक आयआरडीएआयचं लायसन आहे का ते त्यांच्या साईटवर पाहा. अन् ब्रोकर असो का एजंट, नगदी देऊ नका, हप्ता थेट कंपनीच्या नावानं भरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला, कोणी १८ टक्के जोडून सांगत असेल तर हिशोब लिहून मागा.

ब्रोकरला तीन कंपन्यांचे कागद मागा अन् त्यात को-पे (म्हणजे बिलातला आपल्या खिशातून भरायचा वाटा) किती, गुडघा-मोतीबिंदूला किती वर्षं थांबायचं (बऱ्याच ठिकाणी २ वर्षं असते), यवतमाळ-नागपूरचे कोणते दवाखाने कॅशलेस, अन् रूमभाड्याची मर्यादा आहे का, हे विचारा. रूमभाड्यानं मी स्वतः भोगलं आहे. माझ्या आईची पॉलिसी ३ लाखाची, रूमला रोजचे ३ हजार मंजूर, अन् आम्ही घाईत ५ हजाराची खोली घेतली. मला वाटलं वरचे २ हजार आपण भरू. सुटीच्या दिवशी आई व्हीलचेअरवर, हाताला सलाईनची पट्टी तशीच, अन् काउंटरवरचा मुलगा सांगून राहिला का खोलीचे ५ पैकी ३ हजारच मंजूर, म्हणून त्याच हिशोबानं डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्याचे ६० टक्केच मंजूर. भावाला गावाकडून पैसे पाठवायला लावले तेव्हा आई घरी आली. आईसाठी रूमभाड्याची मर्यादा नसलेलीच पॉलिसी घ्या, हप्ता थोडा जास्त पडला तरी.

आणखी एक, पॉलिसी सुरू करायची तारीख डिसेंबर-जानेवारीतलीच धरा. दरवर्षी त्याच तारखेला हप्ता येतो, जूनमधे आला तर बियाणं-खतापुढं तो राहून जातो अन् पॉलिसी तुटली का थांबायची वर्षं पुन्हा पहिल्यापासून. सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलनं आजूबाजूच्या गावांत आरोग्य विमा चालवला तो ज्वारीवर, सुगीत घरटी ज्वारी द्यायची. शेतकऱ्याच्या घरात माल केव्हा असतो ते त्यांना बरोबर समजलं होतं.

प्रश्न : आमची पॉलिसी गेल्या आठवड्यातच आली, एजंटनं फॉर्मवर आईची शुगर "नाही" लिहिली. आता?
– एक वाचक, आर्वी

उत्तर : ताई, पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, तपासणीचा वगैरे थोडा खर्च कापून पैसे भेटतात. ठेवायची असेल तर कंपनीला आजच लेखी कळवा का आईला शुगर आहे, सोबत डॉक्टरची चिठ्ठी जोडा अन् पोच घ्या. एजंटच्या हाती देऊ नका, स्वतः ईमेल किंवा रजिस्टरनं पाठवा. कंपनीनं काहीच कळवलं नाही तर १५५२५५ वर तक्रार नोंदवा, तो आयआरडीएआयचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत.