कोकणातली गावं गणपती-शिमगा सोडला तर वर्षभर ओस असतात का? रिटायर होऊन राहायला गेलं तर सोबत मिळेल का?

ओस कोण म्हणतं? लग्न होऊन मालवण तालुक्यात आले ती मी इथेच आहे, आणि "गावात आता उरलंय कोण" हे दरवर्षी गणपतीला येणाऱ्यांकडून ऐकते. माणसं कमी झाली हे खरं, सिंधुदुर्गात २००१ ला ८.६८ लाख होती ती २०११ च्या जनगणनेत ८.४९ लाख झाली. पण राहिलेली माणसं माणसं नाहीत का?

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हाचं सांगते. आमचं घर सामाईक, बाकीची बिऱ्हाडं मुंबईत. कौलं उडत होती, आंबा पडवीवर आडवा झाला, त्यात लॉकडाऊन, मुंबईहून येणार कोण? वारा जरा उतरला तशी वाडीतली पोरं कोयते घेऊन दारात हजर, त्यांच्या स्वतःच्या घरांवर कौलं नव्हती तरी. आधी ताडपत्री टाकली, मग झाड तोडलं, सासूबाईंना शेजारणीने आपल्याकडे नेलं. लाईट कितीतरी दिवस नव्हती म्हणजे पंप बंद, सगळ्या वाडीने विहिरीवर दोरी-कळशी लावली.

आणि गणपतीला थोरले चुलत दीर आले ते आरती झाल्यावर त्याच पोरांसमोर विचारतात, "येवढी कौला कशी काय फुटली गो?" वर बिलं मागितली. पोरांनी एक रुपया घेतला नव्हता. "घर आम्हा मुंबईवाल्यांच्या पैशावर उभं आहे" हे त्यांचं कायमचं म्हणणं. तेव्हा मोठ्यांपुढे बोलले नाही, इथे बोलते. कौलं पैशाने येतात, पावसाआधी छपरावर चढून फुटकी कौलं बदलतं कोण? रोज चूल पेटते, केर निघतो, देवाकडे दिवा लागतो म्हणून घर टिकतं, कुलूप घातलेल्या घराला वाळवी लागते आणि चार पावसांत वासे खाली येतात.

तुम्हाला सोबत मिळेल, पण नुसते पैसे देऊन कामं करून घेणारे म्हणून येऊ नका. भजनाला बसा, जत्रेत दशावतार उजाडेपर्यंत बघा, कोणाकडे मयत झालं तर सगळ्यात आधी जा, किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर दोराला हात लावा. घर सामाईक असेल तर राहणाऱ्याकडे हिशोब मागायच्या आधी एक अख्खा पावसाळा तिथे काढा, आणि दुरुस्तीला कोणी किती द्यायचं ते सगळ्यांनी बसून कागदावर लिहा, तोंडी ठेवू नका.

मुंबईच्या मनीऑर्डरींवर इथल्या कित्येक घरांतली पोरं शिकली, तेही विसरलेले नाही मी. आणि हो, बीपी-शुगर असेल तर आडगावात न राहता तालुक्याच्या ठिकाणाजवळ घर बघा, मोठं दुखणं निघालं की आम्हाला अजून गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पळावं लागतं.