साहेब ‘थांब’ म्हणाले, पण ते लिहिलंय कुठे?

‘स्वतःहून केलं की “कुणाला विचारून केलंस?”, आणि विचारायला गेलो की “सगळं मीच सांगायचं का?”’ हे तुम्ही तुमच्या साहेबांबद्दल लिहिलेलं वाक्य वाचलं आणि माझे जुने साहेब डोळ्यांपुढे उभे राहिले. तुम्ही पर्चेसला आहात, मी अकाउंट्सला होतो, एवढाच काय तो फरक. अप्रेझलमधला ‘प्रोअ‍ॅक्टिव्ह नाही’ हा शेरासुद्धा तोच.

उलट बोलू नका, वेळेवर या वगैरे सांगत बसत नाही. सव्वाचार वर्षं टिकलात म्हणजे ते तुम्हाला येतंच. मला सगळ्यात महाग पडलं ते सांगतो.

सप्टेंबर 2018. ऑगस्टमध्ये कापलेला टीडीएस (म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) 7 तारखेपर्यंत भरायचा होता, आणि 7 ला शुक्रवार. बँकेच्या पोर्टलवर एन्ट्री मी टाकायची, मंजुरी साहेबांनी द्यायची, अशी आमची पद्धत. रक्कम 4,18,000. सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं, संध्याकाळी केबिनच्या दारात उभा राहून पुन्हा सांगितलं. फोनवरून मान वर न करता साहेब म्हणाले, ‘थांब रे, सोमवारी बघू.’ मी थांबलो. चलन, म्हणजे कराचा भरणा, 10 तारखेला गेलं. उशीर तीन दिवसांचा, पण व्याज महिन्याला दीड टक्का आणि ते कापल्याच्या तारखेपासून धरतात. अर्धवट महिनाही पुरा मोजतात, म्हणजे ऑगस्ट आणि सप्टेंबर मिळून 3 टक्के. 12,540 रुपये. (मी कर सल्लागार नाही आणि हा हिशोब तेव्हाच्या नियमांचा आहे. आपल्या सीएंना विचारा.)

ऑक्टोबरात रिटर्नच्या वेळी व्याजाचं चलन काढावं लागलं आणि मालकांच्या बैठकीत विषय निघाला. साहेब शांतपणे म्हणाले, ‘मला आधी कळवायला हवं होतं.’ तीनदा सांगितलं होतं, पण कागदावर एकदाही नव्हतं.

खरी घोडचूक मात्र याच्यापुढची. त्या रात्री घरी बसून मी मेल लिहिला. तारीखवार, ‘आपणांस तीन वेळा तोंडी कळवूनही’ अशा भाषेत, आणि सीसीत मालक. पाठवल्यावर दहा मिनिटं फार बरं वाटलं. त्यानंतर आठ महिने मला एकाही बैठकीला बोलावलं नाही. मालकांनी मेलला उत्तरच दिलं नाही. त्यांना साहेब हवे होते, मी नव्हे. त्यांच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं, हे आज कळतं. एचआरकडेही गेलो होतो. ‘हे आपल्यातच राहील’ म्हणाले आणि जेवणाच्या सुट्टीआधी साहेबांच्या कानावर घालून मोकळे झाले. यावर मी अजून दोन पानं लिहू शकतो, पण जाऊ दे.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: लिहून ठेवा, पण वेळ टळायच्या आत, सीसी न करता, आणि साहेबांना फक्त ‘हो’ म्हणायचं उरेल असं. पुढे मी असं पाठवायला लागलो: ‘साहेब, टीडीएसचं चलन बँकेत टाकून ठेवलंय. 7 ला शेवटची तारीख. पुढे गेलं तर इतकं व्याज. मंजुरीला थांबलोय.’ पहिल्यांदा ‘मला शिकवतोस का?’ आलं. चलन मात्र 5 तारखेला गेलं. आणि एक, ‘दुपारपर्यंत निरोप आला नाही तर मी पुढे जातो’ ही युक्ती काहीजण सुचवतात. बैठकीच्या वेळेपुरती ठीक आहे. पैसा, सही आणि पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) यांना चुकूनही लावू नका. पर्चेसला तर नाहीच.

पण गाडी खरी रुळावर आली ती वेगळ्याच गोष्टीने. साहेब शुक्रवारी पैसे का अडवतात ते मला फार उशिरा दिसलं. शनिवारी सकाळी मालक बँकेतली शिल्लक बघायचे आणि आकडा कमी दिसला की साहेबांना सगळ्यांसमोर झापायचे. शनिवारचा तो कागद मीच बनवत होतो! त्यात शिल्लकेखाली मी एक ओळ वाढवली: ‘यातले सरकारी देणे’. कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी कागद दोनदा वाचला, काही बोलले नाहीत. मी तिथे होतो तोवर चलन पुन्हा अडकलं नाही. तुमचे साहेब तोंडी ऑर्डर फिरवतात म्हणता, तर ते नेमकं कुठल्या वारी आणि कुणाचा फोन येऊन गेल्यावर होतं, हे महिनाभर वहीत टिपून बघा. वही स्वतःची ठेवा. कंपनीचे मेल घरच्या मेलवर पाठवू नका, उलट तेच अंगाशी येतं.

शिवीगाळ किंवा अंगावर धावून येणं असेल तर यातलं काहीच लागू नाही, तिथे सरळ बाहेरचा सल्ला घ्या.

आणि ‘उद्याच राजीनामा फेकतो’ असं लिहिलंय, त्यावर. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला (नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम) साधारण सलग 5 वर्षं लागतात. महागाई भत्त्यासह मूळ पगार 30,000 धरला तर 5 वर्षांचे साडेशहाऐंशी हजारांच्या आसपास होतात. तुमचे नऊ महिने उरलेत. नवी नोकरी शोधायला आजच लागा, पण कागद फेकायच्या आधी एवढा हिशोब करा.

साहेब मेल वाचतात की फक्त व्हॉट्सअ‍ॅप, ते कळवा. त्याप्रमाणे मजकूर बसवून देतो.