पट्टी कपाटातच राहू दे
अगं, शाळेत नुकतीच रुजू झालीस, वर्गात गोंगाट झाला की हात उचलावासा वाटेल. मलाही वाटायचं. एकदा पाढा चुकलेल्या पोराला नुसतं जवळ बोलावलं, तर त्यानं न सांगताच तळहात पुढे केला, डोळे गच्च मिटून. त्या दिवशी पट्टी ठेवली ती ठेवलीच. आपल्या गोव्यात २००३ च्या बाल कायद्यानं शाळेत मारायला बंदी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, कलम १७ मध्ये, मानसिक छळही आला. माझ्या मते 'ढ' म्हणणंही त्यातलंच. गोंगाट वाढला की गप्प उभी राहा, वाट बघ. पालक म्हणतील, 'चार लगावा बाई.' त्यांना बसवून समजाव, घरीसुद्धा नको. अंगावर वळ दिसले तर १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या चाइल्डलाइनला, लगेच फोन कर.